‘पित्त असेल’ म्हणण्याआधी: हृदयाच्या धमन्यांचा आजार पहिल्यांदाच घरात येतो तेव्हा

गळीत हंगामातली रात्र होती. मी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात आहे. ऊसबिलांची यादी संपवून साडेअकराला घरी आलो, जेवलो आणि छातीत भरून आलं. दुखत नव्हतं, कुणी छातीवर युरियाचं पोतं ठेवल्यासारखं वाटत होतं. बायकोनं लिंबू-सोडा दिला. मी ओवा चावला, पाठीला बाम लावून घेतला आणि उशी उंच करून पडलो. पहाटे तीनला दरदरून घाम सुटला, जबडा ओढल्यासारखा झाला, तेव्हा शेजारच्या पोरानं गाडी काढली. पहिल्या दवाखान्यात पित्ताचं इंजेक्शन मिळालं. ईसीजी निघाला दुसऱ्या ठिकाणी, साडेचारला. वय ५१, अटॅक.

त्यानंतरच्या तीन वर्षांत ओळखीपाळखीतल्या बऱ्याच घरांतून मला फोन आले, आणि प्रश्न जवळजवळ तेच. म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय. मी डॉक्टर नाही. औषध आणि निर्णय तुमच्या डॉक्टरांचेच. पण त्यांच्यासमोर बसल्यावर ते काय बोलताहेत एवढं तरी कळावं.

१. आजार नेमका कुठे असतो ते डोळ्यांसमोर आणा

हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते त्याच्यावरच पसरलेल्या दोन धमन्यांतून. डावी धमनी थोड्याच अंतरावर दुभंगते. तिचा पुढून खाली उतरणारा फाटा म्हणजे रिपोर्टमधला ‘एलएडी’, वळसा घालून मागे जाणारा तो ‘सर्कमफ्लेक्स’, आणि उजवी ती ‘आरसीए’. डावीच्या मुळाला ‘लेफ्ट मेन’ म्हणतात. हे चार शब्द पाठ करा, अर्धा रिपोर्ट वाचता येतो.

आता एक गैरसमज. आपल्याला वाटतं, पाइपात गाळ साठतो तशी चरबी धमनीच्या आत साठते. मलाही तसंच वाटायचं. खरं तर ती साठते धमनीच्या भिंतीत. एलडीएल नावाचं कोलेस्टेरॉल वर्षानुवर्षं भिंतीत शिरत राहतं, तिथे सूज येते आणि गळवासारखा फुगवटा तयार होतो, वर पातळ पापुद्रा. हे काम तरुणपणीच सुरू झालेलं असतं, कळ मात्र येत नाही.

हा फुगवटा दोन तऱ्हांनी त्रास देतो. तो हळूहळू मोठा होऊन साधारण ७० टक्के वाट अडवतो, तेव्हा चढ चढताना किंवा जेवून भरभर चालताना छाती आवळते आणि थांबलं की पाच-दहा मिनिटांत मोकळी होते. याला अंजायना म्हणतात. दुसरी तऱ्हा म्हणजे पापुद्रा फाटणं. फाटलेल्या जागी रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाट बंद. हा अटॅक. मेख अशी की फाटणारा फुगवटा मोठाच असेल असं नाही. ३०-४० टक्क्यांचाही फुटतो. ‘मागच्या महिन्यातच ट्रेडमिल (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) नॉर्मल आली होती हो’ असं वाक्य दारावर भेटायला आलेल्यांकडून ऐकू येतं, त्याचं कारण हे. ट्रेडमिलला अरुंद वाट कळते, नाजूक पापुद्रा कळत नाही.

२. पहिला तास

हा भाग घरातल्या सगळ्यांनी वाचावा, कारण ज्याला होतंय तो स्वतः ‘काही नाही रे, गॅस आहे’ म्हणतच राहतो.

संशय कधी घ्यायचा? छातीच्या मधोमध दाब, आवळणं किंवा जळजळ, जी हातात, खांद्यात, पाठीत, गळ्यात किंवा जबड्यात सरकते. सोबत घाम, मळमळ, धाप. पंधरा-वीस मिनिटं होऊनही न थांबणं. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत काहीच न होता नुसती धाप, ओकारी, गळून गेल्यासारखं वाटणं एवढंच असू शकतं. माझ्या मावशीला दोन दिवस ‘अशक्तपणा’ होता आणि तिला घरात ग्लुकोज पाजत होते.

पित्त आणि अटॅक घरी बसून ओळखता येत नाहीत. ढेकर आल्यावर बरं वाटलं म्हणजे पित्तच, हेही खरं नाही. मला सोड्यानंतर खरंच बरं वाटलं होतं, पाऊण तास.

काय करायचं:

- १०८ ला फोन. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे आणि पैसे लागत नाहीत. ती लवकर येणार नसेल तर दुसरी गाडी बघा, पण रुग्णानं स्वतः मोटारसायकल चालवत जायचं नाही. आमच्याकडे हे सर्रास होतं.
- अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल, पोटात अल्सर किंवा रक्तस्राव नसेल, तर ३०० ते ३२५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खायला सांगतात. फोनवर विचारून द्या. गिळायची नाही, चावायची.
- जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट, म्हणजे धमन्या सैल करणारी गोळी, शेजाऱ्याकडून मागून देऊ नका. रक्तदाब आधीच उतरला असेल तर ती माणसाला आडवं करते. व्हायाग्रासारखी गोळी घेतली असेल तर धोका आणखी मोठा. लाजेपोटी ती गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नका.
- जिने चढायला, चालायला लावू नका. खुर्चीतून उचला.

जोरजोरात खोकत राहिलं की अटॅक थांबतो, हा मोबाइलवर फिरणारा निरोप खोटा आहे. त्यात गेलेली दहा मिनिटं परत मिळत नाहीत.

कुठे जायचं? हे आजच ठरवून ठेवा. जिथे ईसीजी चोवीस तास निघतो अशी जवळची जागा कोणती, आणि जिथे कॅथलॅब, म्हणजे नळी घालून धमन्या तपासायची-उघडायची खोली, आहे असं रुग्णालय कोणतं, हे दोन पत्ते. दवाखान्यात शिरल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा. इंजेक्शन मिळालं आणि ईसीजी नाही, तर आवाज चढवा. मी चढवला नाही. ईसीजीत मोठा अटॅक दिसला की दोन रस्ते: दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी, म्हणजे फुगा फुगवून बंद धमनी उघडणं, होण्यासारखी असेल तर थेट ती. नसेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन जवळच घ्यायचं आणि मग पुढे न्यायचं. हे इंजेक्शन पहिल्या बारा तासांत देतात, पण खरा फायदा पहिल्या दोन-तीन तासांत. ‘सांगलीला मोठ्या डॉक्टरकडेच नेऊ, इथे काही नको’ असा घोळ घालणाऱ्या नातेवाइकाला बाहेरच्या बाकावर बसवा.

३. तपासण्या: कुठली काय सांगते

ईसीजी नॉर्मल म्हणजे हृदय ठीक, असं नाही. तो त्या क्षणाचा फोटो असतो. त्रास सुरू असेल तर थोड्या थोड्या वेळानं पुन्हा काढतात.

ट्रोपोनिन ही रक्ताची तपासणी स्नायूला इजा झाली का ते सांगते. पण रक्तात ते वाढायला काही तास लागतात. त्रास सुरू होऊन तासाभरात केलेलं ट्रोपोनिन निगेटिव्ह आलं तर ते पुन्हा करायचं असतं. त्यावरून घरी परतू नका.

टूडी इको ही सोनोग्राफी. तीत हृदयाची पंपाची ताकद दिसते. ‘ईएफ’ ५५-६० च्या आसपास म्हणजे ठीक. माझी अटॅकनंतर ४० होती आणि मला वाटलं साठ टक्के हृदय गेलं. तसं नसतं. नॉर्मल माणसाचंही शंभर कधीच येत नाही. शिवाय इकोत धमन्यांतले ब्लॉक दिसत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

ट्रेडमिल, म्हणजे टीएमटी, ही स्थिर असलेल्या माणसासाठी. बसल्याजागी दुखत असेल तर पट्ट्यावर चढायचं नाही.

अँजिओग्राफी: मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून धमन्यांत डाय, म्हणजे एक्स-रेवर दिसणारं औषध, सोडतात आणि एक्स-रेवर चित्र बघतात. जागेपणीच होते. आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, झालेली असावी, कारण डायचा भार मूत्रपिंडावर पडतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर ती थांबवायची का ते विचारा.

४. अँजिओग्राफीची सीडी लावून डॉक्टर बोलतात ती दहा मिनिटं

सगळ्यात जास्त घाबरगुंडी इथे उडते. काळा-पांढरा झाडासारखा फोटो, डॉक्टर बोट दाखवून म्हणतात ‘इथे ९० टक्के’, आणि बाहेर सही करायला कागद तयार. म्हणून आधी एक प्रश्न: हा चालू अटॅक आहे, की स्थिर आजार?

चालू अटॅक असेल तर विचार करायला वेळ मागू नका. बंद धमनी उघडल्यानं जीव वाचतो, यात वाद नाही. १६ सप्टेंबर १९७७ ला झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी पहिल्यांदा हृदयाच्या धमनीत फुगा फुगवला. आज तेच काम तालुक्यापासून तासाभरावर होतं, त्याचा फायदा घ्या.

स्थिर आजार असेल, म्हणजे चालल्यावरच छाती आवळते आणि थांबल्यावर थांबते, तर घाई नाही. २००७ चा ‘करेज’ आणि २०२० साली प्रसिद्ध झालेला ‘इस्केमिया’ हे दोन मोठे अभ्यास सांगतात की अशा रुग्णांत चांगल्या औषधांच्या जोडीला स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, घातल्यानं मृत्यू कमी होतात असं दिसलं नाही. छातीचा त्रास मात्र नक्की कमी होतो. अपवाद आहेत: लेफ्ट मेनमधला ब्लॉक, पंपाची ताकद फार घटलेली असणं, औषधं घेऊनही न थांबणारा त्रास. तुमचं यात काही बसतं का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. सीडीची प्रत घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं तर पहिल्यांचा अपमान होत नाही. ‘चोवीस तासांत केलं नाही तर जबाबदारी तुमची’ असं स्थिर आजारात कुणी म्हणालं तर दुसरं मत आवर्जून घ्या.

आणखी विचारा: बायपास बरा की स्टेंट? तिन्ही धमन्यांत ब्लॉक आणि सोबत मधुमेह असेल तर बहुतेक वेळा बायपासचं पारडं जड असतं. छाती उघडायची भीती वाटते म्हणून चार-चार स्टेंट घालून घेणारे मी पाहिलेत. ५० ते ७० टक्क्यांतला ब्लॉक असेल तर ‘एफएफआर केलं का?’ हे विचारा. धमनीतल्या दाबाची ती मोजणी आहे, ०.८० च्या वर आलं तर त्या ब्लॉकला सहसा हात लावत नाहीत.

पैशांचं बोलू. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणानं स्टेंटच्या कमाल किमती ठरवल्या, तेव्हा औषध लावलेल्या स्टेंटची २९,६०० रुपये होती. हा आकडा वेळोवेळी बदलतो, ताजा बघून जा. बिलात स्टेंटचं नाव, बॅच नंबर आणि किंमत वेगळी दाखवावी लागते. पण फुगा, वायर, कॅथेटर, खोली यांचं बिल निराळं असतं, तेव्हा ‘स्टेंट तीस हजारांचा, मग बिल दीड लाख कसं’ या भांडणात पडण्याआधी अंदाजपत्रक लेखी मागा.

५. पिशवीत हे कागद ठेवा

हिशेब खात्यातला माणूस असल्यानं हा माझा आवडता भाग.

- रेशन कार्ड आणि आधार कार्ड, मूळ आणि प्रत्येकी चार झेरॉक्स. दोन्हींवरचं नाव जुळतं का ते आजच बघा. आमच्याकडे आधारवर ‘पांडुरंग’ आणि रेशनवर ‘पांडूरंग’ होतं.
- आधीचे सगळे ईसीजी. जुना ईसीजी असेल तर नवीन बदल डॉक्टरांना पटकन कळतो.
- चालू गोळ्यांची पाकिटं. ‘पांढरी छोटी गोळी’ यानं काही कळत नाही.
- आरोग्य विमा असेल तर पॉलिसी आणि कार्ड.
- अ‍ॅलर्जी कशाची आहे, ते मोठ्या अक्षरात एका कागदावर.
- डिस्चार्ज कार्ड, अँजिओची सीडी आणि स्टेंटचं कार्ड किंवा स्टिकर. हे जन्मभर जपायचं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही बसतात. २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि पांढऱ्या रेशन कार्डवाल्यांनाही ती खुली झाली आहे. अट एकच: रुग्णालय योजनेत असलं पाहिजे. तिथे ‘आरोग्यमित्र’, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो. भरती होतानाच त्याला भेटा. पैसे भरून, डिस्चार्ज घेऊन मग योजनेकडे गेलं की काही हाताला लागत नाही. तातडीच्या वेळी कागद पुरे नसले तरी मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, पण कुणी आपणहून सांगेल याची वाट बघू नका.

६. गोळ्या: खरा उपचार इथून सुरू होतो

स्टेंट एका जागची वाट मोकळी करतो. बाकीच्या धमन्यांच्या भिंती आहेत तशाच राहतात. ‘ब्लॉक काढला, आता मी नवा’ म्हणून सहा महिन्यांत गोळ्या बंद करणारे पुन्हा कॅथलॅबमध्ये भेटतात.

रक्त पातळ करणाऱ्या सहसा दोन गोळ्या असतात. एक अ‍ॅस्पिरिन, दुसरी क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलर. अटॅकनंतर दोन्ही मिळून साधारण वर्षभर, मग बहुधा एक कायम. यातली गोळी मध्येच सोडली तर स्टेंटमध्येच गुठळी धरू शकते, आणि तो अटॅक फार वाईट. दात काढायचा आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, तर दंतवैद्याच्या सांगण्यावरून परस्पर बंद करू नका, आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन. टिकाग्रेलर दिवसातून दोनदा असते आणि काहींना तिच्यानं धाप लागल्यासारखं होतं. मी दोन रात्री हृदय गेलं म्हणून बसून काढल्या, कारण निघालं गोळी. क्लोपिडोग्रेल चालू असताना पित्तासाठी मेडिकलमधून ओमेप्राझोल आणू नका, ती तिची ताकद कमी करते. डॉक्टर पॅन्टोप्राझोल देतात ते त्यासाठी.

स्टॅटिन, म्हणजे एटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन, कोलेस्टेरॉल उतरवते आणि तो पापुद्रा घट्ट करते. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून ती बंद करायची नाही, नॉर्मल आला तो तिच्यामुळेच. स्नायू फार दुखायला लागले तर सांगा, डोस बदलतात.

आलं-लसूण-लिंबाचा ब्लॉक ‘उघडणारा’ काढा हवा तर प्या, पण गोळ्यांच्या जागी नको. ‘विनाऑपरेशन ब्लॉक साफ’ अशा जाहिरातींवर पैसे घालवू नका.

७. आता बाकीच्या घराची पाळी

मला अटॅक आला तेव्हा धाकटा भाऊ ४४ चा होता. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हा आजार झाला असेल तर तुमचा धोका जास्त धरतात. शिवाय आपल्या भागातल्या लोकांना तो लवकर गाठतो. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियात पहिला अटॅक साधारण ५३ व्या वर्षी आला, इतरत्र ५९ च्या जवळ. त्याच अभ्यासात नऊ गोष्टींवर सुमारे ९० टक्के धोका बेतलेला आढळला: बिघडलेलं कोलेस्टेरॉल, तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, भाजी-फळं कमी खाणं, व्यायाम नसणं आणि दारूचं प्रमाण. बहुतेक आपल्या हातातल्या आहेत, म्हणून तर हळहळ वाटते.

काय मोजायचं:

- रक्तदाब. पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीला टेकवून, दोनदा. चहा किंवा तंबाखूनंतर लगेच नको.
- एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी. ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह.
- एलडीएल. लॅबच्या कागदावर ‘१०० पर्यंत नॉर्मल’ छापलेलं असतं, ते निरोग्यांसाठी. अटॅक येऊन गेलेल्याला ७० च्या खाली हवं आणि बरेच डॉक्टर ५५ च्या खाली बघतात. सापळा असा: अटॅकनंतर एक-दोन दिवसांनी एलडीएल आपोआप उतरलेलं दिसतं. ‘माझं कोलेस्टेरॉल तर कमीच होतं’ असं म्हणणाऱ्यांचा रिपोर्ट कधीचा आहे ते विचारा.
- लायपोप्रोटीन (ए), एलडीएलसारखाच रक्तातला एक कण. आयुष्यात एकदा केलं तरी चालतं, ते वारशानं येतं. ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकीच्या गोष्टी जास्त कडक पाळाव्या लागतात.
- पोटाचा घेर. पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८० च्या आत. पँटचा नंबर म्हणजे घेर नव्हे, पँट आपण पोटाखाली बांधतो.

बायकांसाठी वेगळी ओळ: गरोदरपणात बीपी किंवा साखर वाढली होती का, हे पुढे पंचवीस वर्षांनीही डॉक्टरांना सांगायचं असतं. तेही धोक्यात मोजतात.

तंबाखूबद्दल. ‘मी विडी-सिगारेट ओढत नाही’ असं मीही सांगायचो, गालात चुना-तंबाखू धरून. चघळणाऱ्यांचा धोकाही इंटरहार्टमध्ये दुपटीहून जास्त निघाला. मिश्रीही त्यातच आली, आईला समजवायला मला सर्वांत जास्त वेळ त्यावर लागला.

८. खाणं, चालणं आणि न विचारलेला प्रश्न

भाकरी, उसळ, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे हे चालतं, आपल्या जेवणाला नावं ठेवायची गरज नाही. हात आखडायचा तो मिठावर, तळणावर, वनस्पती तुपावर आणि बेकरीच्या खारीवर. दिवसाचं मीठ ५ ग्रॅम, म्हणजे एक चमचा, आणि त्यात लोणचं-पापडही धरायचे. तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ छापलेलं बघून भुलू नका, कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नावापुरतंही नसतं.

चालायला डॉक्टरांनी सांगितल्यापासून सुरुवात: पहिल्या आठवड्यात अंगणात दहा मिनिटं, मग वाढवत अर्ध्या तासापर्यंत. जेवून लगेच नाही, पहाटेच्या कडाक्याच्या थंडीत नाही.

नवरा-बायकोचे संबंध कधीपासून, हे कुणी विचारत नाही आणि बरेच डॉक्टरही सांगत नाहीत. आमच्या डॉक्टरांचा ठोकताळा असा होता की धाप न लागता, छाती न आवळता दोन जिने चढता आले की हरकत नाही. भीती वाटत असेल तर ती बायकोसमोरच डॉक्टरांना बोलून दाखवा, तिलाही तीच भीती असते.

भावाची तपासणी तो वर्षभर टाळत होता, कारण ‘मला काही होत नाही’. शेवटी मीच नाव नोंदवून त्याला गाडीत घातलं. एलडीएल १७२ निघालं. आता आम्ही दोघं दर सहा महिन्यांनी एकाच दिवशी रक्त द्यायला जातो, आणि येताना उपाशीपोटी चहा कोण पाजणार यावरून भांडतो.